शून्य रुग्णांची १६८ घरं : एका वितरणाचं आणि एका आकलकाचं प्रकरण

पावसाळ्यात मुंबईतल्या एखाद्या वस्तीत गॅस्ट्रोची साथ येते. घरोघरी पाहणी होते आणि तक्त्यात दर घरामागे एक आकडा उतरतो : घरात किती जण आजारी पडले. कागद गोळा झाले की सगळ्यांत मोठा ढीग निघतो तो शून्यांचा. मग प्रश्न येतो, "दूषित पाणी नेमकं किती घरांत गेलं होतं?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचं उत्तर तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात नसतं. कारण शून्य दोन जातींचं असतं. एका घरात दूषित पाणी आलंच नाही, म्हणून तिथे शून्य. शेजारच्या घरात आलं, सगळे प्यायले, तरी कुणी आजारी पडलं नाही, म्हणून तिथेही शून्य. कागदावर दोन्ही अगदी सारखी दिसतात.

या दोन शून्यांना वेगळं काढण्यासाठी वितरण (कुठला आकडा किती वेळा येईल याचा गणिती नमुना) कसं निवडायचं, नवं मांडायचं तर कशाच्या जोरावर, आणि त्यातून येणाऱ्या आकलकावर (आकड्यांवरून अंदाज काढायच्या सूत्रावर) किती भार टाकायचा, एवढंच हे प्रकरण आहे. आरोग्य आणि सर्वेक्षणाच्या विदेसाठी (डेटासाठी) नवी वितरणं सध्या भराभर मांडली जातात. जुन्या वितरणाला एक प्राचल (विदेवरून ठरवायची स्थिर राशी) जोडायचं, पन्नास-साठ निरीक्षणांवर बसवायचं आणि एआयसी (जादा प्राचलांचा दंड धरून वितरण किती बसतं ते सांगणारा आकडा, जितका लहान तितका बरा) कमी आला की "उत्तम" म्हणायचं. ही वाट फसवी का आहे ते एका जुन्या तक्त्यावर आकडे मांडून दाखवता येतं.

आकडे

आकडे मुंबईचे नाहीत, आणि हे मुद्दाम. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२६ मध्ये भारतातल्या एका गावातल्या कॉलऱ्याचे घरटी आकडे छापले. मुंबईशी त्यांचं नातं पुढच्याच वर्षी जुळलं. १९२७ मध्ये कर्मॅक यांच्यासोबत त्यांनी साथींचा जो गणिती सिद्धान्त मांडला, त्यातला वक्र त्यांनी बसवून दाखवला तो मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या आठवडी मृत्यूंवर. कॉलऱ्याचा तक्ता मात्र पाच ओळींत मावतो आणि कुणालाही कागद-पेन्सिलीनं तपासता येतो. एकूण घरं २२३.

रुग्ण ० : १६८ घरं
रुग्ण १ : ३२ घरं
रुग्ण २ : १६ घरं
रुग्ण ३ : ६ घरं
रुग्ण ४ : १ घर

रुग्ण असलेली घरं ५५, एकूण रुग्ण ८६. घरटी सरासरी ०.३८६, प्रचरण (सरासरीभोवतीचा पसारा) ०.५९८. म्हणजे प्रचरण सरासरीच्या १.५५ पट आहे. पॉयसाँ वितरणात, म्हणजे सगळ्या घरांचा धोका सारखा मानणाऱ्या नमुन्यात, ही दोन्ही सारखी असायला हवीत, त्यामुळे पहिल्याच पायरीला संशय येतो.

पाच वितरणं, एकच तक्ता

साधं पॉयसाँ बसवलं तर १५२ शून्यं आणि एक रुग्ण असलेली ५८ घरं अपेक्षित होतात. प्रत्यक्षात ती १६८ आणि ३२ आहेत. दोन किंवा जास्त रुग्णांची घरं १३ यायला हवीत, आहेत २३. एका स्वातंत्र्यमात्रेवर काय-वर्ग (अपेक्षित आणि खऱ्या आकड्यांतली तफावत मोजणारी राशी) २१.७ येतो. म्हणजे हे वितरण बाद.

यानंतर सहसा ऋण द्विपद वितरणाकडे वळतात. प्रत्येक घराचा धोका वेगळा, असं ते मानतं. त्याचं आकार-प्राचल ०.५२८ येतं आणि अपेक्षित घरं १६६.९, ३७.२, १२.०, ४.३, १.६ अशी. काय-वर्ग २.१, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

नव्या वितरणांच्या बाजूनं इथे एक नेहमीचा उमेदवार घेऊ : पॉयसाँ-लिंडली. लिंडली यांचं वितरण १९५८ चं आहे आणि पॉयसाँशी त्याचं मिश्रण शंकरन यांनी १९७० मध्ये मांडलं. त्याला प्राचल एकच, म्हणून ते हाताळायला सोपं. सरासरी जुळवली की ते प्राचल, थीटा, ३.२१ येतं. अपेक्षित शून्यं १६०.४, एक रुग्णाची घरं ४५.४. शून्यं कमी पडतात आणि एक्के फार होतात. अशा वेळी पुढची चाल ठरलेली असते : त्याला शून्याधिक करायचं, म्हणजे काही घरं 'कायमची शून्य' मानायची आणि बाकीच्यांवर पॉयसाँ-लिंडली चालवायचं. तसं केल्यावर ५५ घरांची विभागणी ३५.०, १२.९, ४.६, १.६ अशी येते. वाईट नाही.

शेवटी शून्याधिक पॉयसाँ. काही घरांत दूषित पाणी पोचलंच नाही, बाकीच्यांत रुग्ण पॉयसाँप्रमाणे. लॅम्डा, म्हणजे दूषित पाण्याच्या घरातली रुग्णांची सरासरी, ०.९७२ येतो आणि ५५ घरं ३२.५, १५.८, ५.१, १.५ अशी विभागली जातात. खरे आकडे ३२, १६, ६, १ आहेत. याहून जवळ जाणं अवघड.

पाचही वितरणांचे एआयसी :

पॉयसाँ : ३८७.९
पॉयसाँ-लिंडली : ३६७.९
ऋण द्विपद : ३६६.८
शून्याधिक पॉयसाँ-लिंडली : ३६५.२
शून्याधिक पॉयसाँ : ३६२.७

बहुतेक लेख इथेच थांबतात. सगळ्यांत लहान आकडा ठळक करतात आणि निष्कर्ष लिहितात. पण आपला प्रश्न "कुठलं वितरण छान बसतं" हा नव्हता. दूषित पाणी किती घरांत गेलं, हा होता. त्या प्रश्नाची तीन वितरणांनी दिलेली उत्तरं अशी :

शून्याधिक पॉयसाँ म्हणतं ८८ घरं, म्हणजे ५५ दिसलेली आणि ३३ लपलेली.
शून्याधिक पॉयसाँ-लिंडली म्हणतं १४६ घरं, म्हणजे ५५ दिसलेली आणि ९१ लपलेली.
ऋण द्विपद म्हणतं सगळी २२३.

दोन्ही शून्याधिक वितरणांच्या एआयसीत फरक अवघा २.५ आणि उत्तरात ५८ घरांचा. या तक्त्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि 'बसण्याच्या' कुठल्याही कसोटीत ती दिसत नाही. कारण उघड आहे. शून्याधिक वितरणात शून्याचा रकाना एका जादा प्राचलानं भरलेला असतो, म्हणून १६८ हा आकडा दोघांनाही तंतोतंत मिळतो. त्या १६८ पैकी लपलेले किती आणि निखळ किती, ही वाटणी एक-दोन-तीन-चार या रकान्यांच्या आकारावरून मागे शून्याकडे रेघ ओढून होते. ती रेघ वितरण ओढतं, विदा ओढत नाही.

पॉयसाँ-लिंडली ९१ का म्हणतं हेही समजून घेण्यासारखं आहे. घराघरातला धोका लिंडली वितरणानं पसरलेला असतो आणि त्या वितरणाची घनता शून्य धोक्यापाशी शून्य होत नाही. म्हणून ते पुष्कळ घरांना 'दूषित पाणी आलं, पण धोका जवळपास शून्य' या खान्यात टाकतं. 'पाणी आलंच नाही' आणि 'आलं पण धोका नगण्य' यांतली भिंत या वितरणात पातळ आहे. वितरण मांडणाऱ्यानं हे आधी सांगायला हवं. प्राचल किती, क्षण किती, हॅझर्डचा आकार कसा, याची पानं भरतात. शून्यापाशी हे वितरण काय गृहीत धरतं, त्यावर मात्र एक वाक्यही नसतं.

एक इशारा सॉफ्टवेअरबद्दल. शून्याधिक ऋण द्विपद बसवायला गेलात तर गणन एका ठिकाणी थांबत नाही. रुग्ण असलेल्या ५५ घरांचं प्रचरण ०.५७ आहे आणि शून्य छाटलेल्या पॉयसाँला अपेक्षित प्रचरण ०.६४. जादा पसारा उरलेलाच नाही, म्हणून आकार-प्राचल अनंताकडे पळतं आणि पडद्यावर इशारे येतात. अनेक जण अशा वेळी आरंभीच्या किमती बदलून बदलून 'उत्तर' काढतात. ते उत्तर नसतं. हे प्राचल लागत नाही, असं विदा सांगत असते.

तसंच, साधं पॉयसाँ आणि शून्याधिक पॉयसाँ यांच्या लॉग-लाइकलीहुडमधल्या (त्या वितरणानुसार हीच विदा मिळण्याच्या शक्यतेच्या लॉगमधल्या) फरकाची दुप्पट २७.२ येते. ती नेहमीच्या काय-वर्गाशी लावू नये. साधं पॉयसाँ खरं धरलं की शून्याधिक्याचं प्राचल आपल्या सीमेवर, शून्यावर, बसलेलं असतं. म्हणून संदर्भ-वितरण निम्मं शून्य आणि निम्मं काय-वर्ग असं घ्यावं लागतं. इथे २७ इतका मोठा आकडा असल्यानं निर्णय बदलत नाही, पण ३ च्या आसपास असता तर बदलला असता.

आकलक हातानं

शून्याधिक पॉयसाँमधला ८८ कसा येतो ते एकदा हातानं करून बघावं. लपलेली शून्यं २० आहेत असं धरून चाला. मग दूषित पाण्याची घरं ७५ आणि सरासरी ८६ ÷ ७५ = १.१४७. एवढ्या सरासरीच्या पॉयसाँत शून्य येण्याची शक्यता ०.३१८. उरलेल्या ०.६८२ मध्ये ५५ घरं बसली, तर ०.३१८ मध्ये किती? २५.६. म्हणजे आपला २० चा अंदाज कमी होता. आता २५.६ घेऊन पुन्हा तेच करायचं : २८.८. मग ३०.७, ३१.९, ३२.५, आणि सरकत सरकत ३३.५ वर स्थिर. १९७७ मध्ये डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी ईएम या नावानं जी रीत सर्वसाधारण रूपात मांडली, ती हीच.

इथे एक चूक नेहमी होते. शेवटची दोन पावलं बघा : ३१.९ वरून ३२.५. फरक अर्ध्याच्या आसपास, म्हणून 'पोचलो' असं समजून थांबतात. पण दर पावलाला उरलेल्या अंतराचा साधारण साठ टक्के भाग शिल्लक राहतो, त्यामुळे ३२.५ वर थांबलं तर जवळपास एक घर खाली राहतं. थांबण्याची अट ०.००१ ठेवावी.

मॅकेंड्रिक यांनी वेगळी, झटपट वाट घेतली होती. रुग्णांची बेरीज ८६, त्यांच्या वर्गांची बेरीज १६६. ८६ चा वर्ग भागिले १६६ वजा ८६, म्हणजे ७३९६ ÷ ८० = ९२.५, म्हणून ९३ घरं. शून्याचा रकाना या सूत्रात येतच नाही, हेच त्याचं मर्म. या ९३ वरून त्यांनी लिहिलं की गावात अनेक विहिरी असाव्यात आणि त्यातल्या एका दूषित विहिरीचं पाणी एवढी घरं पीत असावीत. जागेवर शोध घेतल्यावर तशी एक विहीर सापडली.

तिसरी वाट संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांची, १९८७ ची, आणि सर्वेक्षणाच्या विदेसाठी ती आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते. एक रुग्णाच्या घरांचा वर्ग भागिले दोन रुग्णांच्या घरांची दुप्पट : ३२ × ३२ ÷ ३२ = ३२ लपलेली घरं, एकूण ८७. घराघरातला धोका कसाही पसरलेला असो, हा आकलक खालची मर्यादा देतो. "निदान ८७ घरं" एवढं तो म्हणतो, त्याहून जास्त बोलत नाही. त्याची प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती हलू शकतो) १५ घरं येते, शून्याधिक पॉयसाँच्या ८८ ची साडेअकरा. अहवालात ८८ च्या शेजारी निदान ६६ ते १११ ही ढोबळ मर्यादा लिहायलाच हवी. खरं तर ती दोन्ही बाजूंना सारखी न धरता प्रोफाइल लाइकलीहुडवरून काढावी, कारण खालच्या बाजूला ५५ ची भिंत आहे आणि वितरण एका अंगाला कललेलं असतं.

कुठे फसतं

चाओ यांची खालची मर्यादा सुद्धा एका ठिकाणी कोसळते, आणि मुंबईतल्या पाहणीत नेमकं ते ठिकाण येतं.

दारात उभी राहून पाहणी करणारी ताई विचारते, "मावशी, गेल्या महिन्यात घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या का?" मावशी म्हणतात, "हो, नातवाला झाल्या होत्या." ताई एक लिहिते आणि पुढच्या दाराला जाते. मुलगा रात्रपाळीला असतो, त्याचे दोन दिवस वाईट गेलेले मावशींना आठवत नाहीत, किंवा ते त्यांना जुलाब वाटलेच नाहीत. समजा, दोन रुग्णांच्या १६ घरांपैकी फक्त चार घरांत दुसरा रुग्ण असा सुटला. तक्ता ३६ आणि १२ होतो. आता ३६ × ३६ ÷ २४ = ५४. लपलेली घरं ३२ वरून ५४, एकूण ८७ वरून १०९. चार उत्तरांनी आकलक बावीस घरं पुढे नेला, आणि 'खालची मर्यादा' आता खालची राहिलीच नाही. पहिला रुग्ण निघताच घरानं पाणी उकळायला सुरुवात केली, तरी हेच होतं. एक्के फुगतात.

उलट बाजूही आहे. घरातल्या एकाकडून दुसऱ्याला लागण झाली तर दुक्के वाढतात आणि लपलेल्या घरांचा अंदाज खाली येतो. म्हणून घरातला दुसरा रुग्ण कधी पडला याची तारीख लागते. नुसती संख्या पुरत नाही.

खोटी शून्यं हा वेगळाच घोळ. कुलूपबंद घरासमोर पाहणीच्या ॲपमध्ये आकडा रिकामा राहतो आणि पुढे विदा साफ करताना कुणीतरी रिकाम्या जागा शून्यानं भरतो. गणपतीच्या दिवसांत मुंबईतली कितीतरी कोकणी घरं बंद असतात. शिवाय आजारी पडलेला माणूस विश्रांतीसाठी गावी गेला असण्याची शक्यता धडधाकट माणसापेक्षा जास्त. म्हणजे कुलूप आणि आजार एकमेकांत अडकलेले. 'शून्य', 'भेट झाली नाही' आणि 'माहीत नाही' यांना तीन वेगळे संकेत द्यावेत, आणि बंद घराला वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक रविवारी, अशा तीन फेऱ्या माराव्यात.

'घर' म्हणजे काय हेही दारातच ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकावर जेवणारे म्हणजे एक कुटुंब. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जण आणि शेजारच्या खोलीत दोघं असतील, तर दोघांना एकच लॅम्डा लावणं चूक आहे. माणसांची संख्या वितरणात ऑफसेट म्हणून जावी, म्हणजे घराचा लॅम्डा माणशी धोका गुणिले माणसं. पोटमाळ्यावर भाड्यानं राहणारे पाच कामगार खानावळीत जेवत असतील तर ते कुठल्या चुलीचे, हे पाहणीच्या सूचनेत आधीच लिहून ठेवावं लागतं. ताईवर सोडू नये.

नळाचा रकाना

आता नव्या वितरणाकडे. या प्रकरणात ते लागतं, पण जिथून येतं ती जागा वेगळी आहे.

मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येतं. पाणी बंद असताना नळीतला दाब उतरतो, आणि गटाराच्या कडेनं गेलेल्या नळीची जोडणी सैल असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कुणी मोटार लावून पाणी खेचत असेल तर हे आणखी वाढतं. म्हणजे दूषित पाणी घराघराला स्वतंत्रपणे येत नाही, नळानळाला येतं. एका सामाईक नळावरच्या सगळ्या घरांना मिळून येतं किंवा मिळून येत नाही. शून्याधिक पॉयसाँ मात्र दर घराला वेगळं नाणं उडवतं. मॅकेंड्रिक यांच्या गावातही खरी बाब विहिरीची होती, पण तक्त्यात विहिरीचा रकाना नव्हता.

म्हणून वितरण असं मांडावं. एका नळावर काही घरं. ठरावीक शक्यतेनं तो नळ स्वच्छ, आणि मग त्याच्या सगळ्या घरांत शून्य. नळ दूषित असेल तर त्याच्या प्रत्येक घरात रुग्ण पॉयसाँप्रमाणे. लाइकलीहुड नळावर लिहायचं, घरावर नाही. परिणाम लगेच दिसतो. नळावरच्या एका जरी घरात रुग्ण निघाला तरी त्या नळावरची सगळी शून्यं 'पाणी आलं पण आजार नाही' या जातीची ठरतात. संदिग्धता उरते ती फक्त पूर्ण कोऱ्या नळांबद्दल. दहा घरांचा नळ दूषित असून दहाही घरांत शून्य येण्याची शक्यता, लॅम्डा ०.९७ धरला तर, एक लाखात सहा. पॉयसाँ-लिंडली घेतलं तरी हजारात नऊ. आधी ज्या दोन वितरणांत ५८ घरांची दरी होती, ती इथे व्यवहारात भरून निघते. जास्त लवचीक वितरणानं जे जमलं नसतं ते प्रश्नावलीतल्या एका ओळीनं जमतं : "प्यायचं पाणी कुठल्या नळावरून भरता?"

प्राचल काढायचं समीकरणही सोपं आहे. रुग्ण निघालेल्या नळांवरच्या रुग्णांची बेरीज एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्याच नळांसाठी लॅम्डा गुणिले घरं, भागिले 'नळावर निदान एक रुग्ण निघण्याची शक्यता', यांची बेरीज. दहा घरांच्या नळाला हा भागाकार जवळपास एकनं होतो, दुरुस्ती नगण्य. दोनच घरांचा नळ असेल तर भाजक ०.८५६, म्हणजे दुरुस्ती सतरा टक्के. म्हणून लहान नळ 'सोपे' म्हणून वगळू नयेत आणि त्यांना मोठ्यांच्या सूत्रात सरसकट ढकलूही नये.

यासाठी नमुना घेण्याची रीतही बदलावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत एका समूहातून २२ कुटुंबं निवडली जात. राज्य-जिल्ह्याच्या अंदाजांसाठी ते योग्य आहे, पण एका नळावरची दोन-तीनच घरं हाती लागली तर वर सांगितलेला सगळा फायदा जातो. इथे नळ हाच नमुना-घटक करावा. वस्तीत फिरून नळांची यादी, प्रत्येकापुढे घरांची संख्या, निवड त्या संख्येच्या प्रमाणात, आणि निवडलेल्या नळावरचं प्रत्येक घर. हॅन्सन आणि हर्विट्झ यांचा १९४३ चा आकलक मग अगदी हलका होतो : वस्तीतली एकूण घरं गुणिले, निवडलेल्या नळांपैकी दूषित निघालेल्यांचा वाटा. हिशेबापुरते आकडे घेऊ. घरं ९००, निवडलेले नळ ३०, दूषित ९. अंदाज २७० घरं आणि प्रमाण त्रुटी ७७. नळ ६० घेतले आणि वाटा तोच राहिला तर त्रुटी ५४. साठ नळांचा खर्च परवडत नाही म्हणून तीसच घ्यायचे ठरलं, तर ७७ हा आकडा पाहणीच्या आधी समोर ठेवावा, नंतर नाही.

यादीत १२ घरं लिहिलेला नळ प्रत्यक्षात १९ घरांचा निघतो. वस्तीत हे अपवादानं नाही, नेहमी होतं. निवड १२ च्या प्रमाणात झालेली असल्यानं त्या नळाला १९ ÷ १२ हा भार द्यावा लागतो. तो विसरला तर नवी, दाट भरलेली गल्ली अंदाजात आकसते, आणि तिथल्याच जोडण्या सर्वांत कच्च्या असतात.

भार आले की साधं लाइकलीहुड चालत नाही. भारित अंदाज-समीकरणं सोडवायची आणि प्रचरण दोन्ही बाजूंनी आवरलेलं, सँडविच पद्धतीचं, नळाला एकक धरून काढायचं. या पद्धतीला भक्कम पाया मिळाला तो आपल्या विद्याधर गोडंबे यांच्या १९६० मधल्या अंदाज-समीकरणांवरच्या कामानं. 'गोडंबे इन्फर्मेशन' हे नाव आजही याच सँडविच प्रचरणाच्या व्यस्त राशीला आहे. दूषित नळ नऊ-दहाच असतील तर सँडविचही कमी बोलतं. तेव्हा एकेक नळ वगळून अंदाज पुन्हा काढावा आणि कुठल्या एका नळानं उत्तर हलतं ते तक्त्यात दाखवावं.

दोन नळांवरून पाणी भरणारी घरं बरीच असतात : सकाळी आपल्या नळावरून, कमी पडलं की पलीकडच्या गल्लीतून पाइप टाकून किंवा टँकरवरून. त्यांना एका नळाला चिकटवू नये. फॉर्ममध्ये स्रोतांसाठी तीन जागा ठेवाव्यात, पहिल्या जागी प्यायच्या पाण्याचा. अशा घराचा लॅम्डा त्याच्या दूषित स्रोतांची बेरीज म्हणून लिहावा. त्यात नळांची लाइकलीहुडं एकमेकांत गुंततात आणि हातानं सोडवता येत नाहीत, पण ईएमच्या प्रत्येक पावलात कोरे नळ 'किती टक्के दूषित' हे आकडे आपोआप मिळतात. ते उतरत्या क्रमानं लावले की कुठल्या नळाचं पाणी आधी तपासायला न्यायचं त्याची यादी तयार असते.